कामात होतो

“उत्तर न देणं हेसुद्धा उत्तरच असतं, त्याला वेगळा रकाना ठेवावा लागतो,” असं ती एकदा म्हणाली होती.

कचेरीत नव्याने रुजू झालेल्यांना ती शिकवत होती तेव्हाची ही गोष्ट. कुणीतरी विचारलं होतं, की लोक फोन आपटतात, दार लावून घेतात, नुसते बघत राहतात. त्यांना ‘हो’मध्ये टाकायचं की ‘नाही’मध्ये? ती म्हणाली, कशातच नाही, आणि मग हे वाक्य. ऐकणारे हसले. तिने त्यांना हसू दिलं. तिच्यावर हसायची त्या कचेरीत वहिवाटच पडली होती, आणि त्यात कुणाच्या मनात काळंबेरं नसे. तिला सगळे तळटीपबाई म्हणत. तोंडावर बाई लावून, पाठीमागे नुसतंच तळटीप. मोठे साहेब तर एकदा म्हणाले होते, की ही जेवायला बसली तरी हिच्या ताटाखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं सापडेल.

नाव पडलं ते कामावरून. देशात किती माणसं कामाला आहेत, किती काम शोधताहेत आणि किती जणांनी शोधणंही सोडलंय, हे ती कचेरी दर महिन्याला मोजायची. त्यातला शेवटचा तक्ता तिचा. आपला देश आणि भोवतालचे चार, शेजारी शेजारी. कचेरीत त्याला शेजारतक्ता म्हणत. दुरून बघणाऱ्याला वाटे, यात काय मोठं, पाच आकडे एका ओळीत मांडायचे. पण हे आकडे एका मुशीतले नसतात. एक देश पंधराव्या वर्षापासून माणूस मोजतो, दुसरा सोळाव्या. एक बराकीतले सैनिक धरतो, दुसरा वगळतो. कुठे वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळल्या तरी ते काम शोधणं होतं, कुठे निदान एखादं दार ठोठावावं लागतं. घरच्या दुकानात बिनपगारी तासभर बसलेली बाई इकडे कामाला लागलेली असते आणि तिकडे तिला अर्धा आठवडा बसूनही कुणी विचारत नाही. एकाच माणसाला उचलून सीमेपलीकडे ठेवलं, तर इकडचा बेकार तिकडे पोचेपर्यंत नोकरदार झालेला असायचा. हे सगळं ती आकड्यावर एक बारीक तारा काढून खाली लिहायची. तक्ता वाचणारे वर बघत. ती खाली बघत बसायची.

तिला मोजमापाचं वेड लहानपणीच लागलं होतं, आणि लावलं ते दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने. घराच्या चौकटीवर दोघांची उंची पेन्सिलीने खुणावली जाई. दादा चवड्यावर उभा राहायचा. श्वास रोखून, मान ताणून, चेहरा अगदी निरागस. ती खाली वाकून त्याच्या टाचांखाली बोट घालून बघायची आणि म्हणायची, “टाचा टेकव.” तो म्हणायचा, “टेकवल्यात की.” ती म्हणायची, “टेकव.” पुढे तिने देशांना तेच सांगितलं, जरा सभ्य भाषेत.

आता ती दादाकडेच राहत होती. लग्न केलं नाही, का केलं नाही हे घरात कुणी विचारत नसे. वहिनी म्हणायची, ताईंच्या अटी वाचता वाचता मुलगा म्हातारा झाला असता. तिसऱ्या मजल्यावरचं घर, जिन्याला ओल्या सिमेंटचा वास, स्वयंपाकघराला अंगणाकडची एक खिडकी. दादा बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून सरकणारी बाटली उचलायची, उजेडावर धरायची, तडा किंवा बुडबुडा दिसला तर बाजूला काढायची. आयुष्य त्यातच गेलं. कारखाना बंद पडला, पण हाताची सवय पडली नाही बंद. घरात पाणी प्यायच्या आधीही तो पेला उजेडावर धरून बघायचा. वहिनीला त्याचा राग यायचा. “घासलाय मी तो,” ती म्हणायची.

कारखाना गेल्यावर दादा काही महिने पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. नंतर जुन्या गोदामात सरकारने प्रशिक्षण केंद्र काढलं. बंद कारखान्यांतल्या माणसांना तिथे लिफ्ट दुरुस्त करायला शिकवत. दादा सकाळी दाढी करून, डबा घेऊन तिकडे जाऊ लागला. कामावर जायचा त्याच वेळेला, त्याच जिन्याने. पलंगावर दिवसा कुणी निजलेलं दिसेनासं झालं. वहिनी त्याबद्दल काही बोलायची नाही, जसं झोपलेल्या तान्ह्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्या आणि तसल्या सगळ्या केंद्रांच्या हुकुमात एक अट होती. आपल्याकडच्या बेकारांचं प्रमाण शेजारी देशांच्या सरासरीच्या वर आहे तोवर केंद्र चालेल. खाली गेलं की बंद. म्हणजे दादाची दाढी, दादाचा डबा, दादाचा जिना, सगळं त्या शेजारतक्त्याच्या एका ओळीवर टांगलेलं होतं. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं, कारण आकडा वरच होता, आणि तो तिथून हलेल असं काहीच देशात घडत नव्हतं.

आणि एका महिन्यात तो धाडकन खाली आला.

तक्त्यांची चित्रं काढणारा, ज्याला सगळे रंगारी म्हणत, तो पळतच तिच्या टेबलाशी आला. पडद्यावर पाच खांब उभे होते. दर वेळी आपला खांब सगळ्यांत उंच असायचा, बेकारीच्या चित्रात उंच असणं म्हणजे वर्गात शेवटून पहिला येणं. आज आपला खांब बुटका होता. सगळ्यांत बुटका.

“बाई, आपण जिंकलो,” रंगारी म्हणाला.

साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. तिने कप हातात धरला आणि तो थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला. एवढी माणसं कामाला लागली, तर त्यांचा आवाज कुठेतरी यायला हवा होता. तिने कामगारांच्या विम्याच्या हप्त्यांची आकडेवारी मागवली. हप्ते भरणारे वाढले नव्हते. कारखान्यांनी पाठवलेल्या हजेऱ्या बघितल्या. त्याही होत्या तिथेच. माणसं कामाला लागली होती, पण कुणाच्याच कामाला लागली नव्हती.

दुपारी पलीकडच्या देशातून फोन आला. तिकडच्या कचेरीत हेच काम करणारी एक बाई होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं; व्याख्यांची देवाणघेवाण करता करता ओळख झाली होती, आणि दोघींनाही जेमतेम येणाऱ्या एका तिसऱ्या भाषेत त्या बोलायच्या. कचेरीत तिला तळटीपबाईंची शेजारीण म्हणत.

“तुमचा आकडा पाहिला,” शेजारीण म्हणाली. “तुमचे बेकार गेले कुठे? आमच्याकडे तर आलेले नाहीत.”

“शोधतेय,” ती म्हणाली.

“तुम्ही काही बदललंत का?”

“घरोघर जाणं बंद केलंय. आता फोनवर विचारतो.”

“तेवढ्याने एवढं नाही व्हायचं. प्रश्न तोच आहे ना?”

प्रश्न तोच नव्हता. आधीचा प्रश्न लांबलचक होता: गेल्या आठवड्यात तुम्ही मोबदल्यासाठी, निदान एक तास तरी, कुठलंही काम केलंत का? फोनवर तो ऐकता ऐकता लोकांचा धीर सुटायचा. म्हणून साहेबांनीच तो छाटून सुटसुटीत केला होता: गेल्या आठवड्यात तुम्ही कामात होता का? तिने तो पाहिला होता आणि तिलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अर्थ तर तोच. तिने शेजारणीला तसंच सांगितलं. शब्द कमी केलेत, अर्थ तोच.

“मग मला कळत नाही,” शेजारीण म्हणाली, आणि तिच्या आवाजात संशयाची एक बारीक कड होती, जी तिसऱ्या भाषेतही लपत नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दादा स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता. ती समोर वर्तमानपत्र धरून बसली होती, वाचत नव्हती. दादाचा फोन वाजला. कारखान्यातला जुना सोबती होता, भेटायला ये म्हणत असावा. दादाने फोन खांद्याने कानाशी दाबला, एक पाकळी सोलली आणि म्हणाला, “नाही रे, आज जमायचं नाही. कामात आहे.”

तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“काही नाही.”

कामात आहे. तो खोटं बोलला नव्हता. लसूण सोलत होता. ही भाषा बोलणारा कुठलाही माणूस, जिन्यात भेटला तरी, विचारतो, काय, कामात का? आणि दुसरा म्हणतो, हो, जरा कामात. ते कुणी मोजण्यासाठी विचारत नाही आणि मोजून घेण्यासाठी सांगत नाही. नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या तोंडाने सांगणं, की मी रिकामा आहे. असं कोण सांगेल? तिने स्वतः कधी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी ती सरळ फोनखोलीत गेली. लांबट खोली, ओळीने मांडलेली माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन, आणि सगळ्यांच्या बोलण्याचा मिळून एक असा गुंजारव की माणसाला वाटावं, भिंतीत मधमाश्यांनी घर केलंय. तिथली देखरेख हॅलोबाईंकडे होती. घरी नवऱ्याला हाक मारतानाही त्या हॅलो म्हणतात अशी वदंता होती.

“या,” हॅलोबाई म्हणाल्या. “आमच्या फोनवर कुणी बेकार राहिलेला नाही बघा. देश नुसता कामात आहे. रिकामी काय ती मीच.”

“मला ऐकायचंय.”

“ऐका की. पुण्य लागेल.” त्यांनी एक हेडफोन तिच्याकडे सरकवला.

“गेल्या आठवड्यात तुम्ही कामात होता का?”

“होतो ना. का, काय हवंय?” पुरुषाचा आवाज, मागे कुठेतरी नळ चालू.

“किती तास?”

“तासांचं काय सांगू आता. दिवस जातो.”

टक् आवाज झाला. रकाना भरला. पूर्ण वेळ.

पुढचा फोन. “कामात होता का?” म्हातारी हसली. “घरात काय कामाला तोटा आहे, बाळा?” टक्. पुढचा म्हणाला, “आत्तासुद्धा कामातच आहे, ठेवा फोन.” टक्.

“काम कसलं, ते विचारत नाही आपण?” तिने विचारलं.

“ते वर्षातून एकदा, मोठ्या प्रश्नावलीत. दर महिन्याला एवढंच.” हॅलोबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचं हसू मावळलं. “अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “कामात.”

“हो.”

“मला का नाही सुचलं? मी रोज ऐकते.”

“मलाही नाही सुचलं. आणि मी तर रोज हेच शोधते.”

तिने टेबलाशी येऊन आपल्या देशाच्या आकड्यावर तारा काढला आणि खाली लिहिलं: या महिन्यापासून प्रश्नाचे शब्द बदलले आहेत; ‘कामात असणे’ याचा अर्थ नोकरी असणे असा होत नाही; सबब या आकड्याची आधीच्या आकड्यांशी व इतर देशांशी तुलना करू नये. इतकी सरळ टीप तिने कधीच लिहिली नव्हती. एरवी तिच्या टिपा म्हणजे, साहेबांच्या शब्दांत, वकिलाने लिहिलेलं औषधाच्या बाटलीवरचं लेबल.

साहेबांनी ती वाचली. मग चष्मा काढून वाचली. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या खोलीत कुंडीतलं एक रोप होतं आणि ते स्वतः त्याला पाणी घालत. त्यांना एका क्षणात सगळं कळलं, आणि ते कळलेलं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसेनासं व्हायला आणखी एक क्षण लागला.

“शब्द माझा आहे,” ते म्हणाले.

“कुणाचाही असता.”

“पण माझा आहे. आणि आकडा वर कळवून झालाय. उद्या मंत्रालयातून सचिवबाई स्वतः येताहेत. टेबलावर केंद्रं बंद करण्याचा हुकूम असणार, सहीपुरता राहिलेला.” त्यांनी कागद उलटा ठेवला. “ऐका. पुढच्या महिन्यात गुपचूप जुना प्रश्न आणू. आकडा आपोआप जागेवर येईल. कुणाला काही सांगायला नको.”

“तोवर केंद्रं बंद झालेली असतील. बंद केलेलं दार आकडा बदलला म्हणून उघडत नाही, साहेब.”

“बाकीचे देश काय धुतल्या तांदळाचे आहेत? सगळे चवड्यावर उभे असतात. आपणच का आपल्या टाचा दाखवायच्या?”

साहेब रोपाकडे बघत राहिले आणि मग, जणू त्या रोपालाच विचारावं तसं म्हणाले, “तुमचे दादा त्याच केंद्रात जातात ना?”

“जातात.”

“मी धमकी देत नाहीये. गैरसमज नको. पण ही टीप तुमच्या हातची असणार. लोक काय म्हणतील? बाईने भावासाठी देशाचा आकडा बिघडवला. मग टीप खरी असूनही खोटी पडेल, आणि तुम्हीही.” त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. टिपेवर एक आडवी रेघ मारलेली होती, हळुवार, कुणाला दुखू नये अशी. “उद्या तुम्ही माझ्या शेजारी बसा. बोलायचं मी बोलेन. कुणी विचारलंच, की हे सगळं एका मापाचं आहे ना, तर तुम्ही हो म्हणा. फक्त हो. मग आयुष्यभर खाली काय हवं ते लिहा.”

घरी आली तेव्हा वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि दादा नळाखालची वाटी बदलत होता. नळ गळत होता, तो त्याने दोनदा दुरुस्त केला होता. भाची, दादाची मुलगी, आत शेजारच्या मैत्रिणीकडे निघायच्या तयारीत होती. ती गेल्यावर दार लागल्याचा आवाज आला आणि घर एकदम मोठं झालं.

“ताई, विसरलेच सांगायला,” वहिनी म्हणाली. “गेल्या महिन्यात तुमच्या ऑफिसातून फोन आला होता.”

“माझ्यासाठी?”

“छे. आमच्यासाठी. मला वाटलं तुम्हीच गंमत करताय, पण कुणी दुसरीच होती. बंद कारखान्यांच्या भागातली घरं जास्त घेतात म्हणे. यांनी घेतला फोन. कामात होतो म्हणाले. अशा रुबाबात, जसा काही कारखाना यांच्याच जोरावर चालतो.”

“वहिनी,” ती म्हणाली.

दादाने वाटी ठेवली. “होतोच कामात. सकाळी केंद्र. मग बाजार. मग हा नळ. कामात नव्हतो तर काय होतो?”

“ते नोकरीचं विचारत होते, दादा.”

“मग नोकरी म्हणायचं. कामात म्हणायचं आणि नोकरी समजायची, हा कुठला न्याय?”

दिवसभरात इतकं बिनचूक तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, आणि तिला त्याचाच राग आला.

“तुला कळत होतं ते काय विचारताहेत.”

दादा सावकाश हात पुसत राहिला. “पोर अभ्यासाला बसली होती. तिच्यादेखत काय सांगायचं? बेकार आहे? म्हणून बघ एकदा तो शब्द. पंखा बेकार. छत्री बेकार. माणूस बेकार. दुसरा शब्द ठेवलाय का तुमच्या ऑफिसने?”

वहिनीने घडी अर्ध्यातच थांबवली. “जाऊ द्या ना. एका फोनचं काय एवढं?”

मग तिने सांगितलं. न सांगण्याचं ठरवून आली होती, तरी सांगितलं. एक फोन नाही, सगळेच तसं म्हणाले. सगळे कामात होते. त्यामुळे आकडा शेजाऱ्यांच्या खाली गेला. त्यामुळे उद्या केंद्राच्या हुकुमावर सही होणार. ती बोलत असताना दादा टेबलाशी बसला होता. त्याने पेला भरला, उजेडावर धरला, आणि धरूनच ठेवला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

“म्हणजे माझ्याच तोंडाने,” तो म्हणाला.

“तुझ्या एकट्याच्या नाही.”

“माझं उत्तर बदल.”

“तसं करता येत नाही.”

“मग उद्या काय सांगणार आहेस तिथे?”

“माहीत नाही.”

दादाने पेला टेबलावर ठेवला. “काहीही सांग. पण माझं काढू नकोस. केंद्रात माझे सोबती आहेत. याच्या बोलण्याने बंद झालं, असं कुणी म्हणायला नको. आणि याच्या बहिणीमुळे चालू राहिलं, असंही नको. दोन्ही नको.”

“दोन्ही नको म्हणजे मी काय करायचं?”

“ते मला काय विचारतेस? मोजायचं काम तुझं.” तो उठला. दाराच्या चौकटीत क्षणभर थांबला, पाठ ताठ, मान जराशी वर. तिची नजर नकळत त्याच्या टाचांकडे गेली. त्याने सपाता घातल्या होत्या. काही दिसलं नाही.

वहिनी घड्या घालतच राहिली. तिच्याकडे न बघता म्हणाली, “पलंगाची चादर मी आताशा दिवसा काढून ठेवते. उगाच दिसायला नको म्हणून.” आणि चादर घडीवर घडी ठेवून दाबली.

सकाळी ती लवकर कचेरीत पोचली. रंगारी पडद्याशी बसून शेवटची छपाई काढत होता. “बघून घ्या, बाई,” तो म्हणाला. “साहेबांनी सांगितलं तशी टीप काढलीय.”

तिने कागद हातात घेतला. पाच खांब, पाच नावं, खाली कोरी पट्टी. टीप गेली होती. तारा राहिला होता. आपल्या देशाच्या नावाच्या उजव्या खांद्यावर, वाट चुकलेल्या माशीसारखा. तळाशी काहीच नव्हतं ज्याच्याकडे त्याने बोट दाखवावं. असे अनाथ तारे तिने आयुष्यभर वेचून काढले होते. रंगाऱ्याला ती त्यावरून टोचून बोलायची, की तारा म्हणजे वचन असतं, खाली काहीतरी द्यावं लागतं.

“ठीक आहे ना?” रंगाऱ्याने विचारलं.

तिचं बोट ताऱ्यापाशी गेलं आणि कागदाच्या कडेपर्यंत सरकलं.

“दिसतंय,” ती म्हणाली, आणि कागद परत दिला.

सभागृह लांब होतं. मधोमध लांब टेबल, त्यावर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर पालथा पेला. खिडक्यांचे पडदे ओढलेले, कारण भिंतीवर चित्र दाखवायचं होतं. सचिवबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, केस मागे घट्ट ओढलेले. त्यांच्यापुढे उघडी फाइल होती, फाइलवर पेन, टोपण काढलेलं. तिने तो हुकूम उलट्या बाजूनेही वाचला. तो लहान होता. एवढ्या माणसांचा सकाळचा जिना, आणि हुकूम पोस्टकार्डाएवढा.

साहेब बोलले. चांगलं बोलले. भिंतीवर खांब उभे राहिले, आणि टेबलाभोवती समाधानाची कुजबुज झाली. सचिवबाईंनी पेन उचललं. मग ते हवेतच थांबलं.

“हा तारा कसला?”

साहेबांनी भिंतीकडे वळून पाहिलं. कोपऱ्यात रंगाऱ्याचे कान लाल झाले.

“कुठला?”

“आपल्या नावावरचा. बाकी कुणावर नाही, फक्त आपल्यावर आहे.”

“छपाईतली चूक असेल,” साहेब म्हणाले.

“तारा असला की खाली टीप असते. टीप कुठे आहे?”

“टीप नाहीये. टिपेची गरजच नाही.” साहेबांचा आवाज स्थिर होता, पण बाटलीवरचा पेला सुलटा करताना तो काचेला लागून किणकिणला. “सगळं एकाच मापाने मोजलंय. पाचही देश.”

“नक्की? यावर मला सही करायचीय.”

“नक्की. आणि माझं नका ऐकू, तुलना ज्यांची आहे त्याच इथे बसल्या आहेत. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय इथून आकडा बाहेर पडत नाही.” साहेब तिच्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत विनंती होती. तिने त्यांना इतक्या वर्षांत कधी विनंती करताना पाहिलं नव्हतं. “हो की नाही, बाई?”

सगळ्या माना वळल्या. हॅलोबाई भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी ओठ आत ओढून घेतले होते.

हो म्हटलं, तर वहिनीने घडी करून ठेवलेली चादर पुन्हा पलंगावर. नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: तुम्हाला कसं कळलं, कुणाला विचारलंत, आणि साहेबांच्या तोंडात तिच्या भावाचं केंद्र तयारच होतं. दोन रकाने तिच्यापुढे उघडे होते. दोन्हींत दादा होता.

“बाई?” सचिवबाई म्हणाल्या.

तिने चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला. डबी मिटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. समोरची बाटली तिने उचलली, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत धरून एकदा बघितली आणि होती तिथे ठेवली. मग खुर्ची मागे सरकवून ती उठली.

“बसा ना, बाई,” साहेब हलक्या आवाजात म्हणाले. “एका शब्दाचं तर काम आहे.”

ती टेबलाच्या कडेने निघाली. घाई नव्हती. फरशीवर पाऊल पूर्ण पडत होतं, टाच आधी, मग चवडा, आणि त्या बंद खोलीत प्रत्येक टाचेचा आवाज वेगळा मोजता येत होता. सचिवबाईंच्या खुर्चीमागून जाताना त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या ताऱ्याकडे, आणि पेनावर टोपण चढवलं. ती थांबली नाही. दार तिने स्वतःच उघडलं, स्वतःच्या मागे हलकेच ओढून घेतलं, आणि गेली.